वर्षभर काही खणू नका

घर आमच्या नावावर झालं मार्चमध्ये,
तेव्हा अंगण असं नव्हतंच. बर्फ होता,
आणि बर्फातून वर आलेले
कपडे वाळत घालायचे दोन खांब,
बोलणं सोडलेल्या शेजाऱ्यांसारखे.

एल्डन व्हायनॉट दगडी कुंपणापलीकडून म्हणाला,
"पहिलं वर्षभर काही खणू नका. नुसतं बघा."
त्याच्या टोपलीत आमच्यासाठी अंडी होती, एक फुटलेलं.
गार्नेटने मान हलवली. मीही हलवली.
आणि एप्रिल सरता सरता
मी कुदळ घेऊन बाहेर.

काय करणार, एकतीस वर्षं
हॅलिफॅक्सला तिसऱ्या मजल्यावर काढलेली,
खिडकीत पुदिन्याची एक कुंडी,
तीही दर हिवाळ्यात मान टाकायची.
हात नुसते शिवशिवत होते.

दक्षिणेच्या भिंतीशी मोकळी जागा दिसली,
काळीभोर, ढेकूळ चिमटीत धरताच भुगा होणारं.
मी टोमॅटोसाठी वाफे आखले, सुतळी ताणली,
आणि पहिल्याच घावाला खाली काहीतरी कचकन तुटलं.
पांढुरकं, जाड,
बोटांत बोटं अडकल्यासारखं मूळ.
मग दुसरं. मग ओळच्या ओळ.

शतावरी, एल्डन म्हणाला. कोंब खातात तिचे.
साठेक वर्षांची असेल.
पुढे काही बोलला नाही,
टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

तेव्हापासून कुदळ शेडमध्ये
आणि मी मागच्या पायरीवर.
बघत बसणं हेही कष्टाचं काम आहे
हे साठी उलटल्यावर कळलं.

रुबार्ब आला, लाल आवळलेल्या मुठी,
जमिनीला आतून धडका देत.
सफरचंदाचं झाड कधीतरी वादळात आडवं झालेलं,
कोपरावर रेलून पडल्या पडल्या फुललं.
लायलॅक तर विचारूच नका. जिथे पूर्वी
घराबाहेरचा संडास होता, तिथेच ते माजलंय.
गार्नेट त्याची फुलं जेवणाच्या टेबलावर ठेवू देत नाही.

आणि दगड. थंडीने फुगलेली जमीन
दर वसंतात त्यांना वर ढकलते,
इकडचं पहिलं पीक हेच, एल्डन म्हणतो.
त्यांच्याबरोबर निळ्या बाटलीची मान आली,
दोन दातांचा काटा,
चिनीमातीच्या बाहुलीचा कोपरापर्यंतचा हात.
सगळं खिडकीच्या कट्ट्यावर मांडलंय.
आमचं नाही ते, पण टाकवतही नाही.

जुलैत ब्रिजवॉटरला गेलो, व्हर्ना झ्विकरला भेटायला,
जिचं हे घर होतं, जी आता
त्र्याण्णवाव्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर राहते.
तिच्याच रुबार्बचा मुरंबा तिला नेला.
रस्ताभर मी कबुलीची वाक्यं जुळवत होते.

"ती शतावरी?" म्हातारी इतकी हसली
की नर्स डोकावून गेली.
"सासूची गं ती! मला कधी घशाखाली उतरली नाही.
वर्षानुवर्षं रात्री जाऊन मीठ ओतायचे मुळांवर,
मेली एकदाची मरावी म्हणून.
मेलं फक्त तण. ती आपली कमरेएवढी."

मग डोळे पुसून तिने वेगळंच विचारलं:
"दोरी बांधलीस का?"
नाही म्हटलं, आमच्याकडे वाळवायचं यंत्र आहे.
तेव्हा मात्र तिचा चेहरा तसा झाला
जसा मी शतावरीसाठी अपेक्षिला होता.
"पश्चिमेचा खांब जरा कलतो," ती खिडकीला म्हणाली,
"जड चादरी त्या बाजूला नको."

येताना दोरी घेतली. पन्नास फूट, पिवळी, प्लास्टिकची,
तिला आवडली नसती.

आता ऑगस्ट. टोमॅटो हिरवे ते हिरवेच,
आणि त्यांच्यामधून, मी तोडलं होतं तिथूनच,
एक पिसारा वर आलाय, धुक्याइतका बारीक.
काल संध्याकाळी मिठाचा डबा घेऊन गेले त्याच्यापाशी.
ओतायला की मुजरा करायला, कोण जाणे.
चादरी काढल्या, डबा तसाच परत आणला.
एल्डनचं वर्ष अजून पुरं व्हायचंय.